वृंदावनांची परिक्रमा

प्रबोधिनी एकादशीस चातुर्मास सरतो, शेषशायी भगवान योगनिद्रेतून जागे होतात आणि दुसऱ्याच दिवसापासून घरोघरी तुळशीच्या विवाहाची लगबग सुरू होते. वृंदावनास गेरूचा हात फिरतो, भोवती रांगोळी रेखली जाते, उसाचा मांडव उभा राहतो, मुळाशी आवळे, चिंचा, बोरे ठेवली जातात. अंतरपाटाच्या एका बाजूस बाळकृष्ण, दुसऱ्या बाजूस तुळस आणि मंगलाष्टके म्हणावयास अवघा शेजार. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंतचा हा सोहळा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या उपनगरांतून आजही तितक्याच श्रद्धेने साजरा होतो. येथील वाड्या गेल्या, अंगणे गेली, कौलारू घरांच्या जागी वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु तुळस मात्र गेली नाही. ती अंगणातून गॅलरीत आली, गॅलरीतून खिडकीच्या जाळीत आली आणि वीतभर कुंडीत का होईना, तग धरून राहिली. मातीशी असलेला आपला नित्याचा संबंध आता बहुतेक घरांतून या एका कुंडीपुरताच उरला आहे.

या मंगल दिवसांच्या निमित्ताने एक विचार आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. आपल्या उपनगरांत अशी काही घरे, काही गच्च्या आणि सोसायट्यांची काही आवारे आहेत की जेथे ओला कचरा दाराबाहेर जात नाही, त्याचे तेथल्या तेथे खत होते. पावसाचे पाणी गटारात न सोडता साठविले किंवा जमिनीत जिरविले जाते. आणि त्या खतापाण्यावर फुले, पालेभाज्या, औषधी वनस्पती वाढविल्या जातात. तुळशीविवाहाच्या दिवसांत ही घरे व या बागा शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाहण्यासाठी मोकळ्या व्हाव्यात, आणि आलेल्यांना त्या दाखविण्याच्या कामी भाविक कुटुंबांतील थोरामोठ्यांनी व तरुणांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे. वृंदावनाभोवती आपण प्रदक्षिणा घालतोच. ती थोडी विस्तारून आपल्या वस्तीतील अशा सर्व वृंदावनांची एक परिक्रमा घडवावी, असे आम्हांस वाटते. मात्र ही परिक्रमा दर्शनाची असावी, प्रदर्शनाची असू नये. या दोहोंतील भेद सांभाळण्याचे काम स्वयंसेवकाचे आहे, आणि म्हणूनच त्याच्या या सेवेविषयी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

उंबरठा ओलांडण्याची रीत

घर दुसऱ्यास दाखविणे ही कल्पना आपणांस नवी नाही. चैत्रगौरीचे हळदीकुंकू घ्या, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे वाण लुटणे घ्या, गौरीगणपतींच्या दिवसांतील दर्शनाच्या फेऱ्या घ्या; वर्षातून अनेक वेळा आपले दार आपण शेजाऱ्यांना उघडतो. ज्यांच्याकडे एरवी कामाशिवाय जाणे होत नाही अशांच्या देवघरापर्यंत त्या दिवशी आपले पाऊल पोचते. आरास पाहून घरी परतलेली गृहिणी पुढच्या वर्षी स्वतःच्या घरी काही तरी नवे करून पाहते. व्याख्यानांनी जे शिकविले जात नाही ते अशा भेटींनी सहज शिकले जाते, हा आपला पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे.

परदेशांतही याच रीतीचा उपयोग लोकांनी मोठ्या कामासाठी करून घेतला. इंग्लंडात १९२७ साली घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता. तेव्हा लोकांनी आपल्या खाजगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन पाहण्यास खुल्या केल्या. त्या एका वर्षी ६०९ बागा उघडल्या गेल्या आणि आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. ती प्रथा आज शंभर वर्षांच्या उंबरठ्यावर आली तरी चालू आहे, आणि तिचा सारा डोलारा स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभा आहे. दाराशी उभे राहणारे, वाट दाखविणारे, चहाची व्यवस्था पाहणारे हे लोक त्याच गावचे रहिवासी असतात. त्यांच्यापाशी शिलिंग होते. आपल्यापाशी कार्तिकाची पर्वणी आहे. आमच्या परिक्रमेस शुल्क नको, पण निष्ठा मात्र तितकीच हवी.

घाटकोपरच्या एका गल्लीचा धडा

असे काही आपल्याकडे साधेल काय, अशी शंका कोणी घेईल. त्यास उत्तर म्हणून फार लांब जावयास नको. घाटकोपर पूर्वेस जोशी लेन नावाची एक साधी गल्ली आहे. १९९६ साली तेथील रहिवाशांनी महापालिकेच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे ठरविले आणि ओल्या कचऱ्याचे गांडूळखत करावयास सुरुवात केली. त्यांनी केले ते इतकेच. पण एका गल्लीने करून दाखविलेले पाहूनच पुढे महापालिकेने 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना शहरभर नेली. रहिवाशांनी एकत्र यावे, आपली गल्ली आपण सांभाळावी आणि पालिकेने त्यांना साहाय्य करावे, असे तिचे स्वरूप होते. मुंबईच्या अनेक वस्त्यांत अशा समित्या स्थापन झाल्या. त्यांतील काही टिकल्या, काही उत्साह ओसरताच थंडावल्या. ज्या टिकल्या तेथे एक गोष्ट समान दिसते: काम करणाऱ्यांनी ते स्वतःपुरते ठेवले नाही, नव्याने येणाऱ्या बिऱ्हाडांना ते दाखविले, समजावून दिले. परिसरातील माणसे बदलत राहतात. शिकविणारा कोणी नसला तर चांगला आचारही एका पिढीपलीकडे जात नाही.

हीच गोष्ट कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी शेतीच्या क्षेत्रात आधीच ओळखली होती. गणिताचे अध्यापक असलेल्या या गृहस्थांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. ज्याने त्याने आपल्या मातीत स्वतः करून पाहावे, जे साधले आणि जे साधले नाही ते दुसऱ्यास मोकळेपणाने सांगावे, अशी त्याची रीत होती. महाराष्ट्रातील कित्येक द्राक्ष बागायतदार या रीतीने एकमेकांच्या बागांत जाऊन शिकले. दाभोळकरांच्या 'विपुलाच सृष्टी' या पुस्तकाने घराच्या गच्चीवर काडीकचऱ्यातून माती निर्माण करण्याची ओढ अनेक शहरी कुटुंबांनाही लावली. दुसऱ्याची बाग पाहावयास जाणे ही करमणूक न राहता विद्या कशी होते, याचे हे आपल्या भूमीतील उदाहरण होय.

आपल्या दारातून गेलेले कोठे जाते?

ही विद्या आज उपनगरांस इतकी निकडीची का झाली, हे सांगावयास हवे. आपण कचरा दाराबाहेर ठेवतो आणि तो दृष्टीआड होतो. परंतु तो कोठे तरी जात असतो. बोरिवलीकरांसाठी ते ठिकाण १९७२ पासून गोराई होते. खाडीकाठचा तो ढिगारा २००७ साली बंद करून झाकावा लागला. मुलुंडकरांच्या शेजारी १९६८ पासून दुसरा डोंगर वाढत होता. तो २०१८ साली बंद झाला. देवनारला तर १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये त्यास आग लागली तेव्हा पूर्व उपनगरांतील लोकांनी कित्येक दिवस धूर सोसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. एक ढिगारा बंद झाला की भार दुसऱ्यावर पडतो. मुलुंड थांबले तेव्हा तो कांजूरमार्गावर पडला. सणाच्या दिवशी आपल्या घरातून निघालेल्या केळीच्या पानांचे आणि फुलांच्या हारांचे असे होते. उष्टी पाने आणि देवाचे निर्माल्य एकाच ढिगात जाते, ही गोष्ट भाविक मनास बोचल्यावाचून कशी राहील?

या शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग स्वयंपाकघरातून आलेला, म्हणजे कुजून माती होण्याजोगा असतो. एका कुटुंबाचा रोजचा एक किलो धरला तरी शंभर बिऱ्हाडांच्या सोसायटीतून रोज एक क्विंटल निघतो. महापालिकेने २०१७ साली हाच आकडा धरला आणि ज्यांचे आवार २०,००० चौरस मीटरहून मोठे आहे किंवा जेथे रोज १०० किलोहून अधिक कचरा निघतो, अशा सोसायट्यांना ओल्या कचऱ्याची व्यवस्था आवारातच करण्यास सांगितले. त्या वेळी सभा झाल्या, नोटिसा निघाल्या, कोठे यंत्रे आणली गेली. परंतु यंत्र आणणे सोपे आणि रोज सकाळी त्यात योग्य ते घालणे कठीण. कायदा माणसास भाग पाडतो, पण आवड लावू शकत नाही. ती लावावयाची तर शेजाऱ्याच्या खताचा हात नाकाशी नेऊन पाहिला पाहिजे. नीट मुरलेल्या खतास दुर्गंधी येत नाही, पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास येतो. हा वास एकदा ज्याने घेतला त्याची किळस तेथेच संपते. शंभर पत्रकांनी जे होणार नाही ते या एका ओंजळीने होते.

मांडवातील ऊस

तुळशीच्या लग्नात ऊस लागतो. मांडव उतरला की पोरे तो खातात आणि चिपाडे केराच्या टोपलीत जातात. मुंबईतील डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवरील बागेत याच चिपाडांचा उपयोग केला. पिंपांतून, मोठ्या पिशव्यांतून उसाच्या चिपाडांचे व पालापाचोळ्याचे थर द्यावयाचे, वर थोडे खत आणि जुजबी माती घालावयाची आणि त्यात भाजीपाला लावावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. यामागे एक साधे गणित आहे. गच्चीवर एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर दिला तर एका चौरस मीटरवर अर्ध्या टनाच्या आसपास भार येतो. जुन्या इमारतींना तो पेलणारा नसतो. चिपाडे हलकी, पाणी धरून ठेवणारी आणि हळूहळू स्वतःच खत होऊन जाणारी. देवकार्यात वापरलेली वस्तू पुन्हा मातीत आणि मातीतून पुन्हा पानात येते. नव्याने बाग करू पाहणाऱ्याने गच्चीवर माती चढविण्याआधी हे गणित करावे आणि सोसायटीच्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा, हे स्वयंसेवकाने आवर्जून सांगावयास हवे.

२००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी याच वाटेने बाग उभी केली. सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचे अन्न शिजविणाऱ्या त्या स्वयंपाकघरातील ओला कचरा वरच्या गच्चीवर जाऊ लागला आणि तेथे फळझाडे व भाज्या वाढू लागल्या. पुढे त्यांच्यासोबत नागरिकांचा एक गट उभा राहिला, सुट्टीच्या दिवशी येऊन मातीत हात घालणारा. आलेला पाहुणा नुसता पाहुणा राहिला नाही, तो कामास लागला. परिक्रमेचे फळ म्हणतात ते हेच.

तुळशी नावाचा तलाव

खताइतकीच गोष्ट पाण्याची. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत एक तलाव आहे, त्याचे नावच तुळशी. १८७९ साली तो बांधून पुरा झाला. शेजारचा विहार त्याहून जुना, १८६० चा. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तलावांपैकी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. आपले बहुतांश पाणी भातसा, तानसा, वैतरणा येथून येते, आणि ज्या शहापूर तालुक्यात भातसा व तानसा हे तलाव आहेत तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तुळशीस घातलेला तांब्याभर पाण्यामागे कोणाच्या घशाची कोरड उभी आहे, हे आपण आठवावे.

याउलट आपल्या डोक्यावर जे पडते त्याचा हिशेब पाहा. सांताक्रूझ येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर दोन लाख लिटर पाणी उतरते. ते सारे गटारात जाते आणि गटारे भरली की आपल्याच दारात परत येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाची आठवण अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत कोणास नाही? तेवढ्या प्रलयापुढे चार पिंपे पुरणार नाहीत, हे उघड आहे. परंतु पाणी आणि माणूस यांचे नाते सुधारावयाचे तर त्याची सुरुवात पन्हाळीखालच्या पिंपापासूनच होते. महापालिकेने २००२ साली मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पर्जन्यजल साठविण्याची सक्ती केली. अनेक ठिकाणी ते खड्डे आज गाळाने बुजलेले आहेत. जेथे ते चालू आहेत, तेथे स्वयंसेवकाने पाहुण्यांना थांबवून झाकण उघडून दाखवावे.

स्वयंसेवकाने काय करावे

आता मुख्य मुद्दा. दर्शन आणि प्रदर्शन यांतील भेद आम्ही कशास म्हणतो? ज्या भेटीत घरमालकाचे कौतुक होते आणि पाहुणा चमकदार छायाचित्रे घेऊन परततो, ते प्रदर्शन. ज्या भेटीनंतर पाहुण्याच्या घरी दुसऱ्या दिवशी काही बदलते, ते दर्शन. देवळातून आल्यावर माणसाच्या वागण्यात फरक पडला नाही तर ते देवदर्शन कसले, असे आपले संत विचारीत आले. तोच निकष येथे लावावा.

म्हणून स्वयंसेवकाने पाहुण्यास आधी फुलाकडे नेऊ नये, खताच्या पिंपाकडे न्यावे. त्यात काय घालतात, काय घालीत नाहीत, अळ्या झाल्या तेव्हा काय केले, ओल जास्त झाली तेव्हा कोरडा पाला कसा मिसळला, हे सारे सांगावे. जी वेल जळाली तिची कुंडी लपवून ठेवू नये. वाचकांपैकी कित्येकांच्या तुळशी दर पावसाळ्यात मरतात आणि गृहिणीच्या मनास उगाच अशुभाची चुटपुट लागते. वास्तविक कारण बहुधा साधे असते. कुंडीस खाली नीट भोक नसते, रोजचा तांब्या वरून चालूच असतो आणि मुळांस हवा मिळत नाही. तुळशीस ऊन लागते. मंजिऱ्या वेळेवर खुडाव्या लागतात, एरवी झाड लवकर म्हातारे होते. एवढे एका जाणत्या आजींनी कुंडी हाती घेऊन दाखविले तर किती घरांतील तुळस वाचेल! आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून डेंग्यूचे डास होऊ नयेत, हेही त्याच आजी सांगू शकतील.

व्यवस्थेच्या गोष्टीही लहान नाहीत. सोसायटीची संमती आधी घ्यावी. एका वेळी दहा-बाराहून अधिक माणसे आत नेऊ नयेत. गच्चीच्या कठड्याशी मुलांवर लक्ष ठेवणारे कोणी असावे. घरच्यांना विचारल्यावाचून छायाचित्र काढू नये, देवघरात डोकावू नये. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांसाठी खुर्ची आणि पिण्यास पाणी असावे. निरोप देताना हाती महागडी भेट नको. तुळशीच्या मंजिरीतील चिमूटभर बी आणि ओंजळभर खत कागदाच्या पुडीत बांधून द्यावे. नाव-पत्ता राहू द्या, पण पुढच्या कार्तिकात त्या रोपाचे काय झाले ते सांगावयास या, एवढे आमंत्रण द्यावे. आपल्या सार्वजनिक उत्सवांनी शंभराहून अधिक वर्षे कार्यकर्ते घडविले. रांगा लावणे, गर्दी सांभाळणे, न थकता हसतमुख राहणे ही त्यांची विद्या आहे. गणपती-नवरात्र आटोपले की हे तरुण मोकळे होतात. त्यांच्या विद्येस कार्तिकात हे नवे काम मिळावे.

कुंकवाचा पहिला मान

आणखी एक गोष्ट आम्हांस निःसंकोचपणे सांगावयाची आहे, आणि आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म तीत आहे. सोसायटीच्या आवारातील खताचा खड्डा पुष्कळ ठिकाणी रहिवासी चालवीत नाहीत. तो चालविणारी एखादी बाई असते. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ च्या सुमारास 'परिसर विकास' हे काम हाती घेतले आणि कचरा वेचून पोट भरणाऱ्या मुंबईतील स्त्रियांना खत करण्याचे, बागेची निगा राखण्याचे शिक्षण दिले. त्यांस 'परिसर भगिनी' असे सुंदर नाव मिळाले. अशा किती तरी स्त्रिया आज सोसायट्यांतून हे काम करतात. शिवाय पालिकेचे सफाई कामगार आहेत, माळी आहेत. बाग पाहण्यास चार पाहुणे आले की सेक्रेटरी पुढे होतात, मालक पुढे होतात, आणि जिच्या हातांनी ती माती घडली ती फाटकाशी उभी राहते. असे होणार असेल तर ती परिक्रमा न झालेली बरी.

शास्त्रात पाहावे तर तुळस भेदाभेद जाणत नाही. वारीत ती गरिबातल्या गरीब बाईच्या डोक्यावर बसून पंढरीस जाते, आणि गळ्यात तुळशीची माळ आली की वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. ही शिकवण आम्ही कीर्तनात ऐकतो. ती खऱ्या अर्थाने आचरणात आणण्याची संधी आमच्या आवारातच आहे. परिक्रमेच्या दिवशी खत कसे होते हे पाहुण्यांना सांगण्याचा मान त्या भगिनीस द्यावा. तिला त्या दिवसाचा पूर्ण मोबदला द्यावा. आणि तुळशीच्या लग्नाचे हळदीकुंकू लावताना पहिले बोट तिच्या कपाळी टेकवावे. ती ते लावीत नसेल, तिचा धर्म वेगळा असेल, तर पहिला प्रसाद आणि पहिली खुर्ची तिची. ज्या घरांना हे करवत नाही त्यांनी आपली बाग जरूर फुलवावी, पण ती इतरांना आदर्श म्हणून दाखवू नये.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, सणाच्या पवित्र दिवसांत कचऱ्याच्या गोष्टी कशाला? त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, देवाच्या मस्तकावरून उतरलेले निर्माल्य पायदळी पडू नये, वाहत्या पाण्यात सोडावे, ही आपली जुनी मर्यादा. परंतु उपनगरांतील वाहते पाणी म्हणजे मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरपरिसरात उगम पावणाऱ्या या नद्या वस्तीत उतरताच काय होतात, ते आपण रोज लोकलच्या खिडकीतून पाहतो. त्या प्रवाहात प्लॅस्टिकच्या पिशवीसह हार फेकण्यापेक्षा ते मातीत विसावू देणे हे निर्माल्याच्या मर्यादेस अधिक शोभणारे नव्हे काय? गणेशोत्सवात विसर्जनस्थळी ठेवलेल्या कलशांतील निर्माल्याचे महापालिका खत करतेच. घरच्या निर्माल्याचे खत तुळशीच्या मुळाशी घालणे कोणाच्या मनास रुचत नसेल तर त्यांनी ते जास्वंदीस घालावे. पुढच्या भाद्रपदात त्याच जास्वंदीचे फूल गणरायाच्या चरणी जाईल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. परक्या माणसांना घरात कसे घ्यावयाचे? ही काळजी रास्त आहे. म्हणूनच परिक्रमा आपल्या सोसायटीपुरती, फार तर आपल्या गल्लीपुरती असावी असे आम्ही म्हणतो. चार घरे, एक गच्ची आणि एक खताचा खड्डा एवढे पुरेसे आहे. जोशी लेन ही देखील एक गल्लीच होती.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. चार कुंड्यांनी शहर सुधारते काय? डोंगर तोडले जातात, खाड्या बुजविल्या जातात, वृक्ष पडतात, तेथे तुमच्या गॅलरीतील तुळशीचे काय चालणार? हे म्हणणे आम्ही खोडून काढीत नाही. मोठ्या प्रश्नांस मोठीच उत्तरे हवीत आणि ती राज्यकर्त्यांकडून मागून घ्यावी लागतील. परंतु मागणारा नागरिक कोठून यावा? ज्याने एका रोपास जगविण्याचे कष्ट जाणले, ज्याने आपला कचरा आपल्या आवारात जिरविला, त्याच्या मागणीस निराळे वजन असते. अशी माणसे गल्लीगल्लीत तयार होणे ही मोठ्या उत्तरांची पूर्वतयारी आहे.

यंदाच्या तुळशीविवाहास वाचकांनी एवढेच करावे. आपल्या वस्तीत कोणाच्या गच्चीवर, कोणाच्या आवारात असे काम चालले आहे याचा शोध घ्यावा, त्यांच्याकडे जावे आणि "पौर्णिमेपर्यंत एक दिवस शेजाऱ्यांना दाखवाल काय? मदतीस आम्ही येतो," असे विचारावे. नकार आला तर राग मानू नये, होकार आला तर दोन तास अगोदर जाऊन जिना झाडावा. मांडवातील उसाची चिपाडे टाकून देऊ नयेत. आणि मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या की वृंदावनाभोवती जमलेल्यांपैकी निदान एका मुलास कुंडीतील माती हातात घेऊ द्यावी. सर्व वाचकांच्या घरची तुळस हिरवीगार राहो आणि तिच्या सावलीत सर्वांचे कल्याण होवो, हीच या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना.